माणूस या खात्यात बसत नाही

शरण आलेल्याला पुन्हा मृत्यूच्या दारात लोटायचं नाही, ही आमच्या कृष्णाकाठाची फार जुनी शिकवण आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं, मग कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, आणि लग्नानंतर नवरा ज्या ज्या उद्घाटनांना मला सोबत नेई तिथे. या वाक्याशी आलं की बोलणाऱ्याचा आवाज हमखास खाली येई. यांतल्या कुणाच्या घरात शरण आलेलं माणूस राहत असल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरात एक राहत होती, पण ती शरण आलेली नव्हती. ती भाड्याने आली होती.

आम्ही तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत राहत होतो. नवरा वीज मंडळात, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. ग्रंथपालाच्या नोकरीने माणूस विद्वान होतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो संशयी होतो. पुस्तक हरवलं म्हणून सांगायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता पिशवीकडे बघायचं, ही सवय हाडात मुरते आणि मग घरीही जात नाही. आमच्या घराला मागच्या अंगाला वेगळ्या दाराची एक खोली होती. सत्त्याहत्तर साली ओळखीच्या एका नर्सने त्या खोलीसाठी भाडेकरू आणली. इराणची, वयाने तिशीच्या आतबाहेर, मिरजेत डॉक्टरकी शिकणारी. मी तिच्याही पिशवीकडेच आधी बघितलं. पिशवीत पुस्तकं होती, आणि ती वाचलेली दिसत होती, म्हणून खोली दिली.

तिचं मराठी वॉर्डात तयार झालेलं होतं. तासगाव, कवठ्याकडच्या म्हाताऱ्या पेशंटांनी ते तिला शिकवलं होतं. त्यामुळे गोरीपान, उंच नाकाची ही बाई तोंड उघडायची आणि "ताई, आज लय तरास झाला बगा" असं म्हणायची. माझी पुणेरी मैत्रीण एकदा घरी आली होती, ती हे ऐकून पाणी पिता पिता ठसकली.

गल्लीने पहिल्या महिन्यातच तिचा तपास लावला. खोलीत देव नाही. मशिदीकडे जात नाही. मिरजेतल्या चर्चमध्ये कुणी बघितलेली नाही. मार्चमध्ये तिने दिवसभराचे उपास धरले तेव्हा गल्लीने सुटकेचा नि:श्वास टाकला, मुसलमान आहे असं ठरवून टाकलं. पण कोपऱ्यावरचे फळवाले बागवानचाचा स्वतः माझ्याकडे आले.

"बाई, रमजानला अजून लई टाइम हाय. ही कसले रोजे धरती?"

"तुम्हीच सांगा. तुमच्यातली असेल."

"आमच्यातली न्हाई," चाचा म्हणाले. "तुमच्यातली बी न्हाई. मग कुनाची?"

जात कळली नाही तर परदेशी म्हणून चाललं असतं. धर्मच कळेना म्हटल्यावर गल्लीला घास गोड लागेना. शेवटी मी तिला सरळ विचारलं. तिने सांगितलं, बहाई. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन कोश काढला, पण आमच्याकडे येणाऱ्या कोशाचे खंड अजून 'ब'पर्यंत पोचले नव्हते. मग तिच्याकडूनच ऐकलं. देव एकच, सगळे प्रेषित त्याचेच, आणि त्यांतला सगळ्यांत अलीकडचा शंभरेक वर्षांपूर्वी तिच्याच देशात होऊन गेला. तिच्या देशात या शेवटच्या कलमाला धर्म मानत नाहीत, गुन्हा मानतात.

"सगळे देव एकच, एवढंच ना?" मी म्हटलं. "आमच्याकडे हे रोज कुणीतरी म्हणतं."

"तुमच्याकडं म्हनत्यात," ती म्हणाली. "आमच्याकडं मानत्यात."

एकोणऐंशी साली तिच्या देशात राज्य पालटलं. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर चर्चा झाल्या, क्रांती या शब्दाचं सगळ्यांनी कौतुक केलं. तिच्याकडे येणारी पत्रं आधी पातळ झाली, मग थांबली. उन्हाळ्यात कुणाच्या तरी हाती एक चिठ्ठी आली. वडील शिक्षक होते, त्यांना कामावरून काढलं होतं. घर जाळलं होतं. भावाला दोन माणसं घेऊन गेली, कुठे ते माहीत नाही. चिठ्ठीच्या शेवटी आईने लिहिलं होतं की, तू येऊ नकोस.

अडचण अशी की तिच्या पासपोर्टाची मुदत संपत आली होती. तो नवा करून घ्यायचा तर तिच्याच सरकारपुढे जाऊन धर्म सांगावा लागणार. पुण्यातल्या तिच्या ओळखीच्या एका कुटुंबाने निरोप धाडला की, जाऊ नकोस. ती गेली नाही. मुदत संपली. आणि ज्याच्याकडे चालू पासपोर्ट नाही त्याला आपलं सरकार राहू देत नाही. म्हणजे एका सरकारला तिचा धर्म नको होता, दुसऱ्याला तिचा कागद हवा होता, आणि या दोघांमधली जागा म्हणजे आमची मागची खोली.

त्या दिवसांत पोलीस कचेरीतला एक जमादार आमच्याकडे यायला लागला. परदेशी लोकांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. तो साध्या वेशात यायचा, म्हणजे पांढरा शर्ट, खाकी पँट आणि पोलिसाचे तांबडे बूट.

"डॉक्टरीणबाई हायत का?"

"ड्यूटीवर आहे."

"मग थांबतो."

थांबणं म्हणजे चहा. चहा पिताना तो विचारायचा की पत्रं येतात का, पाहुणे कोण येतात, रेडिओवर कुठलं स्टेशन लावतात. आवाज अगदी घरच्यासारखा. मला घरच्यासारखा आवाज काढणाऱ्या माणसांची फार धास्ती वाटते. नवऱ्याचं म्हणणं, बरा माणूस आहे. नवऱ्याला सगळेच बरे वाटतात, म्हणून तर वीज मंडळात त्याच्या नावावर इतरांचं काम असे.

एकदा ती घरी असताना जमादार आला आणि तिच्यासमोरच पाटावर बसला.

"बाई, तुमी उगंच अवगड करून ठेवलंय. त्या धर्माच्या रकान्यात मुसलमान म्हणून लिवा. पासपोर्ट घ्या. मग घरात बसून काय बी माना."

"न्हाई लिवनार."

"का वो?"

"खोटं हाय त्ये."

तो हसला. "आवं, माझ्या घरात बुद्धाची तसबीर हाय. आमच्या आज्जीनं छप्पन साली देव्हारा उचलला आन् नदीत सोडला. आन् भावाच्या दाखल्यावर काय हाय? हिंदू. दिल्लीच्या खात्यात बौद्ध म्हटलं की सवलत न्हाई. म्हणून हिंदू. बुद्ध काय रुसला न्हाई."

"भावाला काय मिळालं?"

"टपालात नोकरी."

"आन् खरं लिवलं असतं तर?"

"घरी बसला असता."

"मारलं असतं का कुनी?"

जमादाराने बशीतला चहा संपवला. "आमच्याकडं मारणारे दाखला बघून मारत न्हाईत, बाई."

"तिकडं बघत्यात," ती म्हणाली. "आन् दाखल्यावर जर मीच लिवलं, की मी ती न्हवं, तर मग भाऊ कशासाठी गेला?"

मी जमादाराच्या हातांकडे बघत होते. याने तिच्या तोंडून, साक्षीदारासमोर, धर्म वदवून घेतला, असं मला वाटत होतं. त्याला ते कळलं असावं.

"मॅडम, असं बघू नका. मी आज काय लिवलं न्हाई."

त्याच्याजवळ खरंच पेन्सिल नव्हती. त्यामुळे माझा संशय वाढला. जो लिहून घेत नाही तो लक्षात ठेवतो.

दिवाळी झाल्यावर तोच जमादार हुकूम घेऊन आला. ठरलेल्या मुदतीत देश सोडावा, न सोडल्यास पोहोचवण्यात येईल. कुठे पोहोचवण्यात येईल ते लिहिलेलं नव्हतं, पण माणूस जिथला असतो तिथेच त्याला पोहोचवतात. त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण तसा नियम होता. मी तिला समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, कळलं. हुकूम, मुदत, हजर, दाखल, तारीख. आमच्या कचेऱ्यांतले निम्मे शब्द तिच्याच मुलखातून आलेले. सांगलीत आल्यापासून तिला एवढा सोपा मराठी कागद कुणी दिला नव्हता.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला सायकल काढून ड्यूटीवर गेली.

अशा वेळी माझे थोरले दीर मिरजेला डोळे दाखवायला म्हणून आमच्याकडे येऊन राहिले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, जावळी तालुक्यात मेढ्याच्या बाजूला एका डोंगरातल्या गावात राहायचे आणि तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन होते. हे त्यांचं कागदावरचं काम. खरं काम सत्कार. फौजेतून सुट्टीवर आलेला, फौजेतून रिटायर झालेला, मुंबईत गिरणीत मुकादम झालेला, दहावीला नापास न झालेला, अशा कुणाचाही ते सत्कार करत. संस्थेच्या कपाटात शालींचा गठ्ठा कायम तयार असे. नवऱ्याला मिळालेली शाल आम्ही पुढच्या दिवाळीत त्यांच्याचकडे परत नेली होती, आणि ती नंतर एका तलाठ्याच्या खांद्यावर मी ओळखली.

दादांनी सगळी हकिगत ऐकली. हुकूम हातात घेऊन उजेडात धरला, कारण डोळ्यांत औषध घातलेलं होतं.

"गड्या, तू सरकारी नोकर," ते नवऱ्याला म्हणाले. "तुजा ह्यात उपेग न्हाई." मग माझ्याकडे वळून, "पुढल्या ऐतवारी आमच्या संस्थेच्या इमारतीचं उद्घाटन हाय. राज्यमंत्री येणार. डॉक्टरीणबाईंना घेऊन या. सत्कार करू."

मला वाटलं, औषध डोक्यात गेलं. "दादा, तिला लपवायचं आहे. तुम्ही तिला स्टेजवर उभी करताय."

"बाई, तुमी पुस्तकं वाचलीसा. स्टेज वाचलं न्हाईसा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मंत्र्याला अर्ज खाली दिला तर तो पीए घेतो. पीएच्या पिशवीत गेलेला अर्ज पुन्हा कुणी बघत नाही. कचेरीत दिला तर कचेरीतच राहतो. पण सत्काराच्या वेळी, शाल पांघरताना, फोटोवाल्यासमोर, सत्कारमूर्तीने हातात दिलेला अर्ज मंत्र्याला स्वतः घ्यावा लागतो आणि वाचल्यासारखं करावं लागतं. आणि समोर गाव बसलेलं असतं.

"फोटो छापून आला तर? मुंबईत तिच्या देशाचे लोक बघतील."

"आमच्या पेपरात छापलेलं त्वांड सख्ख्या आईला वळकत न्हाई."

मला दादांचा हेतू दिसत होता. डोंगरातल्या दूध संस्थेच्या स्टेजवर परदेशी बाई म्हणजे तालुक्यात वर्षभराची चर्चा. मी हे तिला स्पष्ट सांगितलं, की यांना तुझ्याशी देणंघेणं नाही, यांना स्टेज सजवायचं आहे. ती म्हणाली, "ताई, ज्यांना माझ्याशी देनंघेनं हाय, त्ये मला न्ह्यायला बसलेत." मग तिने इंग्रजीत चार पानी अर्ज लिहिला. वडील, घर, भाऊ, धर्म, सगळं जसं होतं तसं. मला दाखवला. मी एक स्वल्पविराम घातला, एवढंच करण्यासारखं होतं. तिची अट एकच होती. खोटं काही बोलणार नाही.

"बोलायचंच न्हाई काय," दादा म्हणाले. "नमस्कार करायचा आन् बसायचं."

रविवारी आम्ही एसटीने साताऱ्याला गेलो. तिथून दादांनी जीप आणली होती. मेढ्याचा रस्ता लागल्यावर त्यांनी खिशातून दुसरा एक अर्ज काढला. संस्थेच्या कागदावर, सहा ओळींचा, खाली शिक्का. त्यात लिहिलं होतं की सदर परदेशी तज्ज्ञ बाईंची या डोंगरी भागातील म्हशींच्या आरोग्यासाठी व दूधवाढीसाठी संस्थेस अत्यंत गरज आहे, तरी त्यांना येथे राहण्याची परवानगी मिळावी.

"म्हशींची?" मी ओरडलेच. "दादा, ती माणसांची डॉक्टर आहे."

"मला म्हाईत हाय."

"मग?"

"येणारा मंत्री दूधखात्याचा हाय. आरोग्याचा मला गावला न्हाई, लय हिंडलो. ह्यांच्या खात्यात माणूस बसत न्हाई. म्हस बसती."

मी मागे वळून बघितलं. तिने ऐकलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "मी माझा अर्ज देनार."

"द्या की. दोन्ही देऊ. कुठला चालंल कुनाला म्हाईत."

गावात पताका लागल्या होत्या, कर्णा सकाळपासून घसा खरवडत होता. मंत्री उशिरा येणार हे गृहीत धरून दादांनी आधीचे सत्कार उरकायला घेतले. रिटायर झालेल्या मास्तरांचा, कुस्ती जिंकून आलेल्या पैलवानाचा, सगळ्यांत जास्त दूध घालणाऱ्या एका बाईचा. प्रत्येकाला शाल, नारळ, आणि दोन शब्द बोलण्याची विनंती. मास्तर म्हणाले, मी एक अतिसामान्य माणूस आहे, मी काहीच केलेलं नाही. पैलवान म्हणाला, मला कुस्तीतलं काय कळतंय, सगळं वस्तादाचं. दूधवाली बाई म्हणाली, माझं काय न्हाई, केलं त्ये म्हशीनं. प्रत्येकाने शेवटी आपण या सत्काराला पात्र नसल्याचं सांगितलं आणि प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. आमच्या भागात सत्काराला उत्तर असंच देतात. पात्र आहे म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि सत्कार नाकारणाराही नाही.

मंत्री आले. त्यांच्यासोबत तहसीलदार, साताऱ्याहून आलेले एक पोलीस अधिकारी, आणि मागे दोन गाड्या. पोलीस अधिकारी स्टेजवर दुसऱ्या रांगेत बसले. परदेशी माणसांचा कारभार शेवटी यांच्याच खात्याचा, हे मला ठाऊक होतं. माझी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली होती. तिच्यात आणि त्या अधिकाऱ्यात हातभर अंतर होतं.

सूत्रसंचालन गावच्या हेडमास्तरांकडे होतं. दादांनी त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे. त्यांनी कर्ण्यातून जाहीर केलं की साता समुद्रापलीकडून आपल्या म्हशींच्या सेवेसाठी आलेल्या जगप्रसिद्ध विदुषींचा सत्कार आता मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते होत आहे. शाल पांघरली गेली. नारळ दिला गेला. तिने आपला चार पानी अर्ज पुढे केला, त्याच वेळी दादांनी त्यावर संस्थेचा अर्ज ठेवला, फोटोवाल्याचा दिवा उडाला आणि मंत्र्यांनी दोन्ही कागद हातात धरून वाचल्यासारखं केलं. इथवर सगळं दादांच्या अंदाजाप्रमाणे झालं. मग हेडमास्तर म्हणाले, "आता पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी त्यांना विनंती करतो."

दादांनी मान हलवून नको म्हणून खूण केली. ती उठली आणि माइकपाशी गेली.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी म्हशींची डॉक्टर न्हाई."

मी डोळे मिटले.

"मला म्हशीचं काय बी कळत न्हाई. म्हस मी लांबनंच बगितलीया. मी मानसांची डॉक्टर हाय, ती बी अजून पुरती झाल्याली न्हाई. तुमी ही शाल मला चुकून दिली. ह्या सत्काराला मी पात्र न्हाई."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मंत्र्यांच्या आगमनालाही झाला नव्हता. माझ्या पुढे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "लय मोठी असनार बाई. बघ की, किती खाली वाकून बोलली." शेजारी म्हणाला, "आन् आपल्या भाषंत! आमचा पुतण्या पुण्यात ऱ्हातो तर आता हिंदी बोलतो."

ती गोंधळून उभी राहिली. तिला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नाही. तिने माइक जवळ ओढला.

"मला परत पाठवत्यात," ती म्हणाली. आवाज फुटला होता. "मी गेली तर मारतील. आमचा धर्म येगळा हाय म्हणून. भावाला न्हेलंय. मला पाठवू नका."

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. मंत्री हातातल्या कागदांकडे बघू लागले. पोलीस अधिकारी जागेवर हलले. हेडमास्तरांनी दोन पावलांत माइक गाठला.

"बाईंना आपला गाव सोडवत नाही, हे त्यांच्या अश्रूंनीच सांगितलं आहे!" ते म्हणाले. "कुठल्याही धर्मापेक्षा त्यांनी गोसेवा मोठी मानली!"

म्हैस आणि गाय यांतला फरक त्या क्षणी कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. हेडमास्तर मूर्ख होते की फार हुशार, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मास्तर हाय. काय बी आसंल."

मंत्री बोलायला उठले. सुरुवातीला त्यांनी धवलक्रांती सांगितली, मग आवाज खाली आणून कृष्णाकाठाची जुनी शिकवण सांगितली. आणि मग टाळ्यांच्या भरात म्हणाले की एवढी नम्र, एवढी विद्वान भगिनी आम्ही या राज्यातून कुठंही जाऊ देणार नाही, हा माझा या गावाला शब्द आहे. दुसऱ्या रांगेतल्या पोलीस अधिकाऱ्यांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. मंत्र्याचा शब्द होता की तिचं वाक्य, ते मला दिसलं नाही. खाली बसलेलं गाव मात्र शब्दावर साक्षीदार होतं, आणि आमच्या डोंगरातली माणसं मंत्र्याचे शब्द विसरत नाहीत. पुढच्या निवडणुकीला ते परत करायचे असतात.

परतीच्या जीपमध्ये तिने शाल घडी करून मांडीवर ठेवली होती.

"ताई, मी खरं बोलली का न्हाई?"

"बोललीस."

"मग टाळ्या का वाजवल्या?"

मी तिला आमच्याकडची सत्काराला उत्तर देण्याची रीत समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे हितं खरं बोलायचं आसंल तर कसं बोलायचं?" दादा पुढच्या सीटवर झोपल्याचं सोंग करत होते.

आठवडाभराने जमादार आला. या वेळी त्याने चहा मागितला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं की बाईंचा मुक्काम आता सातारा जिल्ह्यात धरायचा असं वरून आलंय, त्यामुळे फाईल सांगलीहून साताऱ्याला धाडली. ती पोहोचून तिथं दाखल होईपर्यंत हुकूम बजावता येत नाही.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"टपालानं धाडलीया," तो म्हणाला. "भाव तिथंच हाय माझा."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर काहीच नव्हतं. पुढे काही महिने ती फाईल कुठे होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मीही पहिल्यांदाच हरवलेल्या कागदाची चौकशी केली नाही. तिने मात्र गावात जाणं सुरू केलं. महिन्यातून एकदा, सुट्टी काढून, एसटीने. शब्द दिला गेला आहे तर काहीतरी करायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. दूध संस्थेच्या नव्या इमारतीत, कॅनांच्या रांगेशेजारी खुर्ची टाकून ती बायकापोरांना तपासायची. दादांनी तिथं पाटी लावायची म्हटली तेव्हा तिने पाटीवर काय लिहिणार ते आधी विचारलं, आणि पाटी लागली नाही.

यथावकाश दोन्ही अर्जांना उत्तरं आली. तिच्या चार पानी अर्जावर, ज्यात तिचे वडील होते, जळालेलं घर होतं, भाऊ होता आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो धर्म होता, एक ओळ होती की सदर विषय या खात्याशी संबंधित नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे. दादांच्या सहा ओळींच्या अर्जाची शिफारस होऊन तिला राहण्याची मुदत वाढवून मिळाली होती. ती त्यानंतरही दर वेळी वाढत गेली. पुढे दुसऱ्या एका देशाने तिला कायमची ठेवून घेतलं तोवर तिला परत कुणी पाठवलं नाही. वाढीचं कारण प्रत्येक कागदावर एकच होतं, जावळी तालुक्यातील म्हशींची दूधवाढ.

त्या काळात संस्थेचं दूध घटलं.